दृष्टी कोठे असते?

वाचकहो, "आजोबांचा मोतीबिंदू काढला आणि आत भिंग बसवले" हे वाक्य आज आपण अगदी सहज बोलून जातो. ऐकणाराही त्यात नवल मानत नाही. परंतु मोतीबिंदू म्हणजे डोळ्यातल्या भिंगाचेच गढूळ होणे, एवढी साधी गोष्ट माणसाला पटायला अठरावे शतक उजाडावे लागले. आणि गंमत अशी की, ती पटण्याच्या आधी हजारो वर्षे मोतीबिंदूवरची शस्त्रक्रिया चालूच होती!

सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात तिचे वर्णन आहे. जवाच्या टोकासारखी शलाका डोळ्याच्या बाजूने आत घालायची आणि बाहुलीमागचा तो पांढुरका डाग दूर सारायचा. मग डोळ्याला तूप लावून पट्टी बांधायची. रोग्याने शिंकू नये, खोकू नये, थुंकू नये, ढेकर देऊ नये, अशी सक्त ताकीद. हे पथ्य वाचताना वाटते, लिहिणाऱ्याने असे डोळे पुष्कळ पाहिले असले पाहिजेत. पण सारले ते काय? संहितेचे उत्तर, साठलेला कफ.

पश्चिमेकडे दुसऱ्या शतकात गॅलेन या ग्रीक वैद्याने सांगितले की, डोळ्यातले स्फटिकासारखे भिंग हेच दृष्टीचे मुख्य इंद्रिय. बाकीचे सारे भाग त्याच्या सेवेला. आता जो राजा, त्याला मधले सिंहासन नको का? पुढच्या ग्रंथकारांनी भिंग चित्रात नेत्रगोलाच्या अगदी मध्यभागी काढले. त्यामुळे भिंगापुढे एक मोठी पोकळी उरली, आणि मोतीबिंदू राहायला घर मिळाले. डोक्यातून पाणी उतरते, ते या पोकळीत गोठते, त्याचा पडदा होतो, अशी समजूत रूढ झाली. अरबी वैद्य या रोगाला 'पाणी उतरणे' म्हणत. लॅटिनमध्ये त्याचा धबधबा झाला. आपल्याकडे मोतीबिंदू 'पिकतो' असे म्हणतात. माझ्या मते हा शब्द त्या मानाने खऱ्याच्या जवळचा.

अकराव्या शतकातला इब्न अल्-हैथम हा मोठा बुद्धिमान माणूस. डोळ्यातून किरण बाहेर जात नाहीत, वस्तूवरून प्रकाश डोळ्यात येतो, हे त्याने नीट मांडले. पण प्रकाश ओळखण्याचे काम त्यानेही भिंगाकडेच ठेवले. फार काय, गॅलेनच्या कितीतरी चुका दाखवणाऱ्या व्हेसेलियसने १५४३ च्या आपल्या ग्रंथात भिंग मध्यभागीच काढले.

खरी रचना काय आहे? नेत्रगोल सुमारे २४ मिलिमीटरांचा. पुढे काचेसारखे पारपटल, मग रंगीत बुबुळ, त्यात बाहुलीचे भोक, आणि त्याला लागूनच भिंग. रुंदी सुमारे ९ मिलिमीटर, जाडी सुमारे ४. सुश्रुतसंहितेत दृष्टीचे माप मसुराच्या डाळीएवढे दिले आहे, ते येथे सहज आठवते. भिंगामागे जेलीसारखा पारदर्शक द्रव, आणि सर्वांत मागे अर्धा मिलिमीटरही जाड नसलेले दृष्टिपटल. प्रकाश ओळखणाऱ्या पेशी येथे, कोट्यवधींच्या संख्येने. पाहणे सुरू होते ते येथून.

१५८३ साली बाझेलच्या फेलिक्स प्लाटरने लिहिले की, दृष्टीचे इंद्रिय हे मागचे पटल होय. भिंग केवळ आतला चष्मा. १६०४ मध्ये केप्लरने, होय, ग्रहांचे नियम सांगणाऱ्याच केप्लरने, गणिताने दाखवले की दृष्टिपटलावर वस्तूचे उलटे चित्र पडते. १६१९ साली शायनरने भिंग पुढे, त्याच्या खऱ्या जागी काढले. देकार्तने १६३७ च्या ग्रंथात बैलाच्या डोळ्याचा प्रयोग दिला आहे. मागचे आवरण खरवडायचे, तेथे कागद किंवा अंड्याचे कवच लावायचे, डोळा अंधाऱ्या खोलीच्या खिडकीत बसवायचा. बाहेरचे दृश्य मागे उमटते!

झाले, सगळे उलगडले, असे आपल्याला वाटेल. पण गणित एका खोलीत आणि सुई दुसऱ्या खोलीत, अशी स्थिती होती. शस्त्रवैद्य आपला 'पडदा' सारतच राहिले.

१७०५ साली फ्रेंच वैद्य ब्रिसो याला मोतीबिंदू असलेल्या एका मृत सैनिकाचा डोळा तपासायला मिळाला. त्याने नेहमीप्रमाणे सुईने पडदा खाली सारला, आणि मग डोळा कापून पाहिला. खाली गेलेला पडदा म्हणजे गढुळलेले भिंगच होते! पॅरिसच्या विद्वानांना प्रथम हे पटेना. त्यांचा आक्षेपही बिनतोड वाटणारा: दृष्टीचे इंद्रियच काढून टाकले, तर रोग्याला दिसते कसे?

वाचकहो, या प्रश्नाचे उत्तर सुश्रुताच्या काळापासून प्रत्येक बऱ्या झालेल्या रोग्याच्या डोळ्यात होते. प्रकाश वाकवण्याचे सुमारे दोन तृतीयांश काम पारपटल करते. म्हणून भिंग गेले तरी माणसे ओळखू येतात, वाट दिसते. फक्त सगळे अंधुक. हा पुरावा इतकी शतके वैद्यांच्या हाताखालून जात होता.

चुकीची किंमत मात्र डोळ्यांनी भरली. सारलेले भिंग आतच राहते. पुन्हा वर येते, डोळा सुजतो, कधी कायमचा जातो. १७५० साली जॉन टेलर या फिरत्या वैद्याने संगीतकार बाखच्या डोळ्यांवर दोनदा सुई चालवली. दृष्टी आली नाहीच, आणि त्याच जुलैत बाख वारला. रोग भिंगाचा आहे हे कळल्यावर ते बाहेर काढण्याचा विचार सुचणे साहजिक होते. दाव्हिएलने १७४७ मध्ये पारपटलाला छेद देऊन ते काढले.

हे ज्ञान आपल्या माणसांपर्यंतही पोहोचले. तंजावरचे दुसरे सरफोजी राजे १८३२ साली निवर्तले. त्यांच्या काळातली नेत्ररोग्यांची सचित्र टिपणे तेथल्या सरस्वती महाल ग्रंथालयात जपलेली आहेत.

भिंग काढल्यावर पुढे दोनशे वर्षे नाकावर जाड चष्मा हाच उपाय. मग युद्धात विमानाच्या खिडकीच्या प्लास्टिकचे तुकडे वैमानिकांच्या डोळ्यांत शिरले तरी डोळा ते सोसतो, हे लंडनच्या हॅरल्ड रिडलीच्या ध्यानात आले. २९ नोव्हेंबर १९४९ रोजी त्याने तसल्याच प्लास्टिकचे भिंग एका बाईच्या डोळ्यात बसवले. आकार नैसर्गिक भिंगावरून घेतलेला. पण प्लास्टिक प्रकाशाला अधिक वाकवते. त्यामुळे बाईंना लांबचे दिसण्यासाठी पुन्हा चष्मा लावावा लागला, तोही बराच मोठ्या नंबराचा. पुढच्या भिंगांत तो हिशेब दुरुस्त केला गेला.