स्त्री-समलैंगिकता आणि लिंगसांसर्गिक रोग : सातारा-सांगली

स्त्रियांच्या आपापसांतील शरीरसंबंधांतून रोग लागत नाही, ही समजूत डॉक्टरांतही आढळते. ती चुकीची आहे. मानवी पॅपिलोमा विषाणू (एचपीव्ही) व जननांगांवरील हर्पीस त्वचेच्या स्पर्शाने पसरतात; ट्रायकोमोनास हा परजीवी योनिस्राव लागलेल्या बोटांनी किंवा दोघींनी वापरलेल्या साधनांनी. गरमी (सिफिलिस) मुखसंबंधातूनही लागते. एचआयव्ही मात्र या वाटेने क्वचितच जातो. अमेरिकेत टेक्सासमध्ये २०१२ साली आढळलेली आणि २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेली अशा संसर्गाची घटना म्हणूनच गाजली.

या जिल्ह्यांत धोक्याची मोठी वाट वेगळी आहे. मन बाईवर असले तरी लग्न बहुधा पुरुषाशी लावले जाते. पाटण-जावळीचे माथाडी मुंबईत, विटा-आटपाडीचे सोने-चांदी गाळणारे गलाईवाले देशभर आणि ट्रकवाले रस्त्यावर, असे इथले पुरुष वर्षानुवर्षे घराबाहेर राहत आले. नवऱ्याकडून बायकोला व तिच्याकडून मैत्रिणीला संसर्ग होऊ शकतो. त्यामुळे स्वतःला कोणी काय म्हणवते यावरून धोका ठरवता येत नाही.

एड्सविरोधी कामात सांगलीचे नाव मोठे आहे. संपदा ग्रामीण महिला संस्थेने (संग्राम) १९९२ पासून गोकुळनगरातील वेश्याव्यवसाय करणाऱ्या स्त्रियांबरोबर काम सुरू केले; त्यातून १९९६ मध्ये वेश्या अन्याय मुक्ती परिषद उभी राहिली. बायकांनीच एकमेकींना निरोध वाटले, हे त्या कामाचे बळ. पण दोन स्त्रियांमधील संबंधांत निरोधाचा उपयोग मर्यादित: साधनावर चढवायला, किंवा उभा कापून मुखसंबंधात पातळ पडद्यासारखा धरायला. राष्ट्रीय एड्स नियंत्रण कार्यक्रमाच्या जोखीम गटांत वेश्याव्यवसायातील स्त्रिया, समलिंगी संबंध ठेवणारे पुरुष व तृतीयपंथी आहेत. स्त्रियांशी संबंध ठेवणाऱ्या स्त्रिया नाहीत.

‘अंगावरून पांढरं जातंय’ म्हणून सरकारी दवाखान्यात आलेल्या बाईला लक्षणांवरून हिरव्या रंगाचे दुसऱ्या क्रमांकाचे किट मिळते. त्यात सेक्निडॅझोल व फ्लुकोनॅझोल असते. जोडीदाराचा विषय निघाला की नवऱ्याचीच चौकशी होते. योनिमार्गातील जिवाणूंचा समतोल बिघडून होणारा त्रास स्त्री-जोडप्यात पुष्कळदा दोघींनाही असतो; पण दुसरीचे नाव निघत नाही आणि तक्रार पुन्हा उद्भवते. ६ सप्टेंबर २०१८ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने प्रौढांचे संमतीचे समलिंगी संबंध गुन्ह्याबाहेर आले. केसपेपरवरचे रकाने तेवढ्याने बदलले नाहीत.

या दुर्लक्षाची सर्वांत मोठी किंमत एचपीव्हीमुळे होणाऱ्या गर्भाशयमुखाच्या कर्करोगात मोजावी लागू शकते. उस्मानाबाद (आता धाराशिव) जिल्ह्यातील सुमारे १.३ लाख स्त्रियांवरील अभ्यासाने २००९ मध्ये दाखवले, की एचपीव्हीच्या एकाच तपासणीनेही या कर्करोगाचे मृत्यू निम्म्यावर येतात. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची सर्व्हाव्हॅक ही एचपीव्हीवरील लस २०२३ पासून उपलब्ध आहे. सरकारी तपासणी तिशीपुढील स्त्रियांसाठी आहे. ‘लग्न झालं नाही’ एवढ्या उत्तरावर तिच्यातून वगळली जाणारी बाई पूर्वी पुरुषाबरोबर राहिलेली असू शकते, किंवा आज एखाद्या विवाहितेबरोबर राहत असू शकते.