टेम्सच्या पाण्यातला पुदिना

आजचा प्रश्न एकदम घरगुती आहे. कुंड्यांना पाणी कुठलं घालायचं? नळाचं, बोअरचं, आरओचं, की गच्चीत बादली ठेवून साठवलेलं पावसाचं? आपल्या डोक्यात उत्तर आधीच फिट्ट असतं: जितकं शुद्ध, तितकं झाडाला चांगलं. हेच गृहीतक लंडनमधल्या एका पोराने १६९१ साली वजनकाट्यावर तपासलं होतं. गोष्ट त्याचीच सांगतो.

त्याआधी थोडं मागे जाऊ. बेल्जियमच्या भागात फान हेल्मोंट नावाचा एक वैद्य होऊन गेला. त्याने कुंडीत २०० पौंड कोरडी माती भरली, विलोचं ५ पौंडांचं रोप लावलं आणि ५ वर्षं फक्त पावसाचं किंवा डिस्टिल्ड पाणी घातलं. झाड १६९ पौंडांच्या वर गेलं. माती पुन्हा वाळवून तोलली, तर जेमतेम २ औंस कमी! त्याने निष्कर्ष काढला की झाड पाण्याचंच बनतं. हे त्याच्या मृत्यूनंतर, १६४८ मध्ये छापून आलं.

आता आपला हिरो, जॉन वुडवर्ड. वय २६. पुढे वैद्यकाचा प्राध्यापक झाला, जीवाश्म गोळा करून नाव कमावलं, आणि भांडकुदळ तर इतका की रॉयल सोसायटीच्या कार्यकारी मंडळातून त्याला काढावं लागलं. पण डेटाच्या बाबतीत माणूस काटेकोर. त्याला हेल्मोंटच्या प्रयोगात एक भोक दिसलं. हेल्मोंटने पाणी सगळं एकसारखंच धरलं होतं. पण पाण्यात आधीच काहीतरी विरघळलेलं असेल तर?

मग त्याने सारख्या मापाच्या काचेच्या बाटल्या घेतल्या. एकीत झऱ्याचं पाणी, दुसरीत पावसाचं, तिसरीत टेम्स नदीचं. तोंडावर चर्मपत्र बांधलं, त्याला देठापुरतं भोक पाडलं आणि प्रत्येकीत पुदिन्याची एक फांदी सोडली. स्पिअरमिंट, म्हणजे जवळपास आपल्या चटणीतलाच. सगळ्या बाटल्या एकाच खिडकीत, म्हणजे ऊन आणि हवा सारखी. बाकी सगळं कायम, बदललं फक्त पाणी. आपण ज्याला एबी टेस्टिंग म्हणतो ना, ते या पठ्ठ्याने १७व्या शतकात केलं. रोप आधी तोललं, नंतर तोललं, आणि रोपाने किती पाणी संपवलं तेही मोजलं.

७७ दिवसांनी झऱ्याच्या पाण्यातला पुदिना १५ ग्रेनने वाढला होता, पावसाच्या पाण्यातला साडेसतरा ग्रेनने आणि टेम्समधला २६ ग्रेनने. (ग्रेन म्हणजे सुमारे ६५ मिलिग्रॅम.) शहराची घाण पोटात घेणारी टेम्स पहिली आली! मला जास्त आवडलेला आकडा वेगळाच आहे. पावसाच्या पाण्यातल्या रोपाने ३००४ ग्रेन पाणी संपवलं, टेम्समधल्याने २४९३. म्हणजे जो सगळ्यात जास्त वाढला, तोच सगळ्यात कमी प्यायला. पाणी नुसतं आतून वाहून पानांतून उडून जातं, हे त्याला इथेच दिसलं.

पुढच्या उन्हाळ्यात त्याने ५६ दिवसांची दुसरी फेरी केली. हाइड पार्कच्या नळाच्या साध्या पाण्यात पुदिना दुप्पट झाला. त्याच पाण्यात बागेची माती मिसळली तिथे चौपट. आणि तेच पाणी डिस्टिल करून दिलं तिथे ११४ ग्रेनचं रोप कसंबसं १५५ वर पोचलं. सगळ्यात शुद्ध पाणी, सगळ्यात कमी वाढ.

१६९९ मध्ये त्याने हे रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात छापलं. निष्कर्ष असा की झाड पाण्याचं नाही, मातीचं बनतं, पाणी फक्त हमाल. गंमत म्हणजे इथे तोही चुकला. झाडाच्या सुक्या वजनाचा बहुतांश भाग येतो हवेतल्या कार्बन डायऑक्साइडमधून आणि पाण्यातून. हवेची बाजू उलगडायला प्रीस्टली यावा लागला, १७७१ मध्ये, आणि त्याच्याही काचेच्या भांड्यात पुदिनाच होता! विरघळलेले नेमके कुठले क्षार लागतात, ते १८६०च्या सुमारास जर्मनीत युलिउस साक्स वगैरे मंडळींनी पाण्यातच रोपं वाढवून शोधलं. नायट्रोजन, पोटॅशियम, फॉस्फरस, कॅल्शियम, यादी बरीच आहे. हायड्रोपोनिक्सचा पाया तोच.

आता आपल्या टेबलावरच्या बाटलीतला मनीप्लांट बघा. ती अक्षरशः वुडवर्डची बाटली आहे. त्यात आरओचं पाणी घालत राहिलात तर तो मरत नाही, पण उपाशी राहतो. चिमूटभर द्रवखत हवंच. कुंडीत माती असते, त्यामुळे तिथे आरओने नुकसान नाही, फक्त पाणी आणि वीज फुकट. साधं नळाचं पाणी बहुतेक झाडांना चालतं.

पण ‘क्षार चांगले’ हेही सरसकट खरं नाही. आरओच्या बाहेर पडणाऱ्या पाण्यात क्षार साठलेले असतात. ते रोज घातलं की मातीवर पांढरी पापुद्री धरते आणि स्पायडर प्लांटची टोकं करपतात. असं झालं तर साधं पाणी भरपूर ओतून खालच्या भोकातून वाहू द्यायचं. सोसायटीत बोअरला सॉफ्टनर असेल तर आणखी जपायला हवं. तो कॅल्शियम काढून सोडियम घालतो आणि टीडीएस मीटर जवळपास तोच आकडा दाखवत राहतो. मीटर क्षार किती ते सांगतो, कुठले ते नाही.

एका गटाला मात्र खरंच पावसाचंच पाणी लागतं: कीटकभक्षी झाडं. कास पठारावरची दवबिंदू आठवते? जांभ्या दगडावरच्या पातळ, निकस मातीत ती उगवते, म्हणून तर किडे पकडून नायट्रोजन मिळवते. तिच्यासारखं रोप नर्सरीतून आणलंत तर त्याला नळाच्या पाण्यातले क्षारसुद्धा जास्त होतात. त्याच्यासाठी पावसाळ्यात गच्चीत एक बादली ठेवा.