दौलतजादा

वासुदेवाच्या डोक्यावरचा मोरपिसांचा टोप आणि त्याच्या हातांतल्या चिपळ्या ज्यांनी पहाटेच्या धूसर उजेडात पाहिल्या आहेत, त्यांच्या कानांत त्याचे 'दान पावलं' हे दोन शब्दही आयुष्यभर राहिलेले असतात. आईने सुपातले पसाभर जोंधळे झोळीत घातले, की वासुदेव तिचे आभार मानीत नसे. ते दान पंढरीच्या विठोबाला पावले, जेजुरीच्या खंडोबाला पावले, कोल्हापूरच्या अंबाबाईला पावले, असे एकेका क्षेत्राचे नाव घेऊन तो पुकारी आणि पुढच्या दाराकडे वळे. आपल्या जमाखर्चातला 'पावती' हा शब्द याच 'पावणे' क्रियापदाच्या कुळातला आहे, आणि वासुदेव देत होता तीही एक पावतीच होती. मात्र तिच्यावर देणाऱ्याचे नाव नसे आणि घेणाऱ्याचेही नसे. घेणारा हात देवाचा ठरल्यामुळे मागणाऱ्याला लाज वाटण्याचे आणि देणाऱ्याला गर्व होण्याचे कारण उरत नसे.

हे सारे आज आठवण्याचे कारण माझ्या नातवाच्या हातातला फोन आहे. रात्री जेवणे उरकल्यावर तो एका तरुणाचे थेट प्रक्षेपण पाहत असतो. तो तरुण काही वेळ खेळ खेळतो, काही वेळ गप्पा मारतो, आणि मधूनमधून थांबून, अमुक दादांनी इतके रुपये पाठवले, तमुक ताईंनी तितके पाठवले, असे नावानिशी वाचून दाखवतो. नाव वाचले गेले की पाठवणाऱ्याचा संदेश रंगीत पट्टीत वर झळकतो. घरातल्या वडीलधाऱ्यांना ही सुशिक्षितांची भीक वाटते, तर नातवाला तो कष्टाचा रास्त मोबदला वाटतो. आणि या वादात मी कोणाच्याही बाजूने चटकन बोलू शकलो नाही, कारण कला दाखवून प्रेक्षकापुढे हात पसरण्याचा व्यवहार आपल्या मुलखात फार जुना आहे आणि त्याच्या नीतीचा हिशेब आपण कधीच नीट मांडलेला नाही.

जुन्या गावगाड्यात मागणे ही पुष्कळदा याचना नसून हक्क असे. बलुतेदाराला खळ्यावर जसे बलुते मिळे, तसेच गोंधळी, भाट, नंदीबैलवाला, बहुरूपी यांचेही वर्षाकाठचे येणे गावाने धरलेले असे. त्रिंबक नारायण आत्रे यांनी १९१५ साली प्रसिद्ध केलेल्या 'गावगाडा' या ग्रंथात या फिरस्त्यांचा सविस्तर परामर्श घेतला आहे, आणि त्यांचा सूर कठोर आहे. काबाडकष्ट करणाऱ्या कुणब्याच्या कणगीवर ही सारी मंडळी जगतात, याचे त्यांना मनापासून दुःख होते. कुणब्याबद्दलचा त्यांचा कळवळा खरा आहे. तथापि, वर्षातून एकदा येणाऱ्या बहुरूप्याने त्या कुणब्याच्या ओसरीवर जे हसू आणले त्याची किंमत किती धरायची, हा प्रश्न त्यांच्या हिशेबात राहून गेला, असे मला वाटते.

देवळात हाच व्यवहार अधिक प्रतिष्ठित वेषात होत असे. कीर्तन संपत आले की आरतीचे ताट फिरे, त्यात पैसा-अधेली पडे, आणि बुवांना यजमान वेगळी बिदागी देत. तुकोबांना हे मान्य नव्हते. कथेच्या ठिकाणी कथेकऱ्याने अन्नसुद्धा घेऊ नये, इतका कडक दंडक त्यांनी घालून दिला होता, आणि वारकरी संप्रदायात कीर्तनाचे पैसे घ्यावेत की नाहीत हा वाद आजही संपलेला नाही. पेशवाईत श्रावणमासी पर्वतीच्या पायथ्याच्या रमण्यात हजारो ब्राह्मणांना दक्षिणा वाटली जाई, आणि ती घेण्यासाठी दूरदूरच्या प्रांतांतून लोक येत. विद्वानाने घेतली की दक्षिणा, हरिदासाने घेतली की बिदागी, वासुदेवाने घेतले की दान, आणि कोल्हाट्याच्या मुलीने घेतली की दौलतजादा. द्रव्य तेच होते, प्रतिष्ठा मात्र घेणाऱ्याच्या जातीवरून आणि बाईपणावरून ठरत होती.

या दौलतजादेकडे थोडे थांबून पाहिले पाहिजे, कारण आजच्या थेट प्रक्षेपणातल्या देणगीची खरी पूर्वज तीच आहे. 'दौलत ज्यादा' म्हणजे तुमची दौलत वाढो. बैठकीत इनाम मिळाल्यावर दिलेला हा दुवा पुढे त्या इनामाचेच नाव होऊन बसला. तमाशाचे ढोलकी फड आणि संगीत बारी असे दोन प्रकार. फडाचा तमाशा पुढे कनातीत शिरला आणि तिकिटावर किंवा गावजत्रेच्या सुपारीवर चालू लागला. संगीत बारीत मात्र दौलतजादा हेच उत्पन्नाचे मुख्य साधन राहिले. मोडनिंब, चौफुला, जामखेड अशा ठिकाणच्या थिएटरांत अनेक पार्ट्या मुक्कामाला असतात आणि त्या पाळीपाळीने, म्हणजे आपापल्या बारीने, मंचावर येतात. प्रेक्षकांतला एखादा नोट वर धरतो. नाचणारी पुढे येऊन ती घेते, देणाऱ्याचे नाव विचारते, त्याच्या नावाने त्याच्या फर्माईशीची लावणी सुरू होते. कोणी एकच नोट द्यावी, कोणी दहा नोटा एकेक करून द्याव्यात, म्हणजे तिला दहा वेळा आपल्यापर्यंत यावे लागेल. कोणी शेजाऱ्याच्या नावाने दौलतजादा करून त्याची थट्टा करावी. दोन गावांच्या पाटलांत चुरस लागली, तर एकाच लावणीवर नोटांची झुंज व्हावी. लावणी सर्वांनाच ऐकू येत असे. नोट देणाऱ्याला तिच्यावर आणखी काही मिळे, ते म्हणजे चारचौघांत उच्चारले गेलेले आपले नाव आणि तिची क्षणभराची आपल्याकडे वळलेली नजर. त्या रात्रीची जी रक्कम जमे तिच्यात थिएटरमालकाचा हिस्सा असे, पार्टीच्या मालकिणीचा असे, ढोलकीवाल्याचा आणि पेटीवाल्याचा असे. आणि जी पायांत घुंगरांचा भार बांधून रात्र जागवी तिच्या हाती उरलेल्या पैशावर घरच्या भावांचे, बापांचे आणि मामांचे पोट चाले. किशोर शांताबाई काळे यांचे 'कोल्हाट्याचं पोर' हे १९९४ सालचे आत्मकथन ज्यांनी वाचले आहे, त्यांना हा हिशेब मी नव्याने सांगायला नको.

सोलापूरच्या राम जोश्यांनी फडावर लावण्या गायल्या म्हणून घरच्यांचा रोष ओढवून घेतला, आणि पुढे कवी मोरोपंतांच्या प्रभावाने त्याच गळ्यातून कीर्तन केले, असे परंपरा सांगते. तमाशाची दौलतजादा आणि कीर्तनाची बिदागी एकाच हातात पडली. पण समाजाने पहिल्या वेळी त्या हाताला विटाळ मानला आणि दुसऱ्या वेळी नमस्कार केला. रेठरे हरणाक्षच्या श्रीधर कृष्णाजी कुलकर्ण्यांनी, म्हणजे पठ्ठे बापूरावांनी, तर कुलकर्णीपणाच्या वतनावर पाणी सोडून फड धरला, पवळाबाईंच्या साथीने मुंबई-पुणे गाजवले, आणि १९४५ साली अत्यंत विपन्नावस्थेत देह ठेवला. राष्ट्रपतींच्या हस्ते गौरवल्या गेलेल्या विठाबाई नारायणगावकरही २००२ साली आर्थिक ओढगस्तीतच गेल्या. आज त्यांच्या नावाने सरकार जीवनगौरव पुरस्कार देते. प्रेक्षकाच्या खुशीवर ज्यांची मिळकत अवलंबून, त्यांच्या म्हातारपणाची तजवीज ती खुशी करीत नाही, हे या दोन आयुष्यांकडे पाहून कळते; आणि वडीलधारी मंडळी ज्या तरुणाला भिकारी म्हणतात, त्याच्याविषयी मला राग येण्याऐवजी काळजी वाटते ती याच कारणाने.

तिकिटाने हा प्रश्न सुटेल असे एकेकाळी वाटले होते. विष्णुदास भावे सांगलीच्या राजाश्रयाखाली १८४३ पासून नाटके करीत होते. आश्रय आटल्यावर ते मंडळी घेऊन बाहेर पडले आणि १८५३ साली मुंबईत ग्रँट रोडच्या नाटकगृहात त्यांनी तिकीट लावून खेळ केला. तिकिटाची थोरवी अशी, की ते सर्वांकडून सारखे घेते, आधी घेते आणि कोणाचे नाव विचारीत नाही. पण ते ज्यांच्यापाशी नाटकगृह आहे त्यांच्याच कामाचे. रस्त्यावर खेळ करणाऱ्या डोंबाऱ्याला त्याचा उपयोग झाला नाही, आणि आपल्या खोलीत बसून सगळ्या जगाशी बोलणाऱ्या या मुलालाही होत नाही.

सरकारने या व्यवहारात हात घातला, तो प्रत्येक वेळी मागणाऱ्याच्या बाजूने आवळत. स्वातंत्र्याच्या आरंभकाळी बाळासाहेब खेरांच्या राजवटीत तमाशावर बंदी आली. पुढे दत्तो वामन पोतदारांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली आणि संहिता तपासून घेण्याच्या अटीवर फड पुन्हा उभे राहिले. २००५ साली राज्याने डान्स बार बंद केले आणि हजारो स्त्रियांची रोजी गेली. २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने ती बंदी घटनाबाह्य ठरवली. राज्याने २०१६ साली नवा कायदा केला, आणि त्यावर १७ जानेवारी २०१९ रोजी जो निकाल आला त्यातला एक बारकावा मला फार मोलाचा वाटतो. नर्तकीला बक्षिसी देण्यास न्यायालयाने मुभा ठेवली, परंतु तिच्या अंगावर नोटा उधळण्यास मनाई कायम केली. हातात दिलेल्या नोटेत देणारा माणूस घेणाऱ्या माणसाकडे पाहतो, आणि उधळलेल्या नोटेत तो केवळ स्वतःच्या ऐश्वर्याकडे पाहतो. या एका भेदात घेणाऱ्याऐवजी देणाऱ्याच्या वर्तनाला मर्यादा घातली गेली, आणि आपल्याकडे असे फार क्वचित घडले आहे.

आता फोनवरच्या बारीकडे येऊ. यूट्यूबने २०१७ साली 'सुपर चॅट' सुरू केले. जितकी रक्कम मोठी तितका संदेश अधिक काळ वर टांगलेला राहतो, अगदी पाच तासांपर्यंत. आणि रकमेतला तीस टक्के हिस्सा कंपनी ठेवते. ट्विचवर पैशांऐवजी 'बिट्स' द्यायचे, टिकटॉकवर गुलाब, सिंह अशा आभासी भेटवस्तू. रुपयाचे गुलाबात रूपांतर केल्यावर तो किती गेला हे देणाऱ्याच्या ध्यानात राहत नाही, आणि म्हणूनच ते केले जाते, असे माझे स्पष्ट मत आहे. बारीतली नोट निदान नोटेसारखी दिसत होती. चीनमध्ये या देणगीला 'दाशांग' म्हणतात, आणि कलावंतावर खूश होऊन त्याला दिलेले बक्षीस असा त्या शब्दाचा अर्थ आहे. शब्दसुद्धा आपल्या बैठकीतल्यासारखाच. तिथे चुरस इतकी वाढली, की २०२० साली सरकारने खरे नाव नोंदवल्यावाचून देणगी देता येऊ नये असे ठरवले, अल्पवयीनांना मज्जाव केला, आणि २०२२ साली सर्वांत मोठा दाता कोण हे दाखवणाऱ्या क्रमवाऱ्याच काढून टाकायला लावल्या. पाटलांच्या झुंजीतला फलकच उतरवला, असे म्हणा ना.

पण या साऱ्यात मन सुन्न करणारी हकिकत आहे ती सीरियाच्या निर्वासितांची. बीबीसीने २०२२ साली उघडकीस आणले, की छावण्यांतली कुटुंबे लेकरांना घेऊन तासन्‌तास टिकटॉकवर थेट बसतात आणि भेटवस्तू मागतात. दलाल त्यांना फोन पुरवतात, आणि दिलेल्या रकमेतला सत्तर टक्क्यांपर्यंतचा भाग कंपनीकडेच राहतो. तंबूत बसलेल्या त्या आईचे नाव मागणारी म्हणून जगाला दिसले. तिच्या पदरातले अर्ध्याहून अधिक उचलणारा हात कोणाला दिसला नाही. वासुदेवाच्या झोळीतून जोंधळे काढून घेणारा जर कोणी वेशीवर उभा असता, तर गावाने त्याला हाकलून दिले असते.

म्हणून नातवाच्या त्या तरुणाविषयी माझे उत्तर असे, की त्याने मागावे. तीन तास लोकांचे मन रमवले, तर त्याने झोळी पुढे करण्यात काही हीन नाही. मात्र त्याने सांगितलेली गरज खरी असावी; आज इतके जमले नाहीत तर उद्यापासून येणार नाही, असा धाक त्याने घालू नये, कारण बहुरूप्याने पुढच्या वर्षी न येण्याची धमकी कधी दिली नव्हती; नाव घ्यायचेच, तर दहा रुपयांचेही हजारांइतक्याच आवाजात घ्यावे; आणि रात्री दोन वाजता तेच ते नाव सातव्यांदा झळकले, तर पलीकडे कोण आहे, ते पोर तर नाही ना, एकटेपणाने खचलेला कोणी तर नाही ना, याची त्याला काळजी वाटावी. बारीतही माणसे वाहवत गेली आणि त्यांनी जमिनी विकल्या, हे मी विसरलेलो नाही. पण तिथे देणारा समोर बसलेला असे, त्याच्या खिशाला तळ असे, आणि त्याचा चेहरा दिसत असे.

तरुणपणी मित्रांबरोबर मी एका थिएटरात बसलो होतो. आमच्या पुढल्या बाकावर अठरा-एकोणीस वर्षांचा एक पोरगा होता. कांद्याची पट्टी घेऊन तो बाजारातून परस्पर तिकडे आला असावा. त्याने एक नोट दिली, दुसरी दिली, तिसरी दिली. दर नोटेला त्याचे नाव पुकारले गेले आणि दर वेळी त्याचा चेहरा अधिक लाल झाला. पाचव्या नोटेला नाचणारी पुढे आली नाही. पेटीवाल्याच्या मागे पानाचा डबा घेऊन बसलेली पार्टीची मालकीण उठली, मंचाच्या कडेपर्यंत आली, आणि वाकून, आमच्या बाकालाच ऐकू जाईल इतक्या हळू म्हणाली, "बाळा, पुरं आता. दहाची एस.टी. हाय, ती गाठ." त्याने ती नोट घडी करून सदऱ्याच्या आतल्या खिशात ठेवली. मालकीण परत आपल्या जागेवर जाऊन बसली, आणि ढोलकीवर थाप पडली.