चाळीसगावचा टांगा : न्यायासाठी झुंजलेल्या नेत्याचे वीरगुण

पारोळ्यात शौर्याचा विषय निघाला की बोट प्रथम भुईकोट किल्ल्याकडे जाते. पारोळा ही नेवाळकर घराण्याची जहागीर आणि झाशीच्या राणी लक्ष्मीबाई या त्याच घराण्याच्या सून. त्यामुळे त्या अभिमानात वावगे काही नाही. तथापि शौर्याचा आणखी एक प्रकार आपल्या खानदेशच्या भूमीने पाहिला आहे. त्यात तलवार नव्हती, घोडदौडही नव्हती. होता तो भाड्याचा एक टांगा आणि तो हाकता न येणारा एक गरीब माणूस. पारोळ्याहून भडगावमार्गे ज्या चाळीसगावला आपण जातो, तेथे 1929 साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या बाबतीत घडलेल्या या घटनेकडे आम्ही वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो.

वर्णद्वेषाविरुद्ध लढलेला नेता म्हटले की आपल्या वाचकांना प्रथम डॉ. मार्टिन ल्यूथर किंग आठवतात. हेच किंग 1959 मध्ये भारतात आले असता केरळातील एका शाळेच्या मुख्याध्यापकांनी त्यांची ओळख ‘अमेरिकेहून आलेले एक अस्पृश्य बांधव’ अशी करून दिली. तो शब्द त्यांना प्रथम बोचला. मग आपल्या देशातील कृष्णवर्णीयांची स्थिती त्यांच्या डोळ्यांपुढे उभी राहिली आणि ‘होय, मी अस्पृश्यच आहे’ असे त्यांनी मनाशी मान्य केले. 1965 मध्ये अटलांटा येथील आपल्या चर्चमध्ये प्रवचन करताना त्यांनी स्वतःच ही आठवण सांगितली. डॉ. आंबेडकरांनीही 1946 मध्ये कृष्णवर्णीयांचे विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस यांना पत्र लिहून अमेरिकेतील निग्रो आणि भारतातील अस्पृश्य यांच्या स्थितीतील साम्य नमूद केले होते. मात्र जात म्हणजे वंश नव्हे, हे मत त्यांनी 1936 च्या ‘जातिप्रथेचे निर्मूलन’ या प्रबंधात ठामपणे मांडले होते. दोन्ही अन्याय सख्ख्या भावंडांसारखे असले तरी एक नव्हेत, एवढे येथे ध्यानात ठेवलेले बरे.

आता मूळ घटनेकडे वळू. मुंबई सरकारने 1928 मध्ये अस्पृश्यवर्ग व आदिवासी यांच्या गाऱ्हाण्यांची चौकशी करण्यासाठी एक समिती नेमली. अध्यक्ष स्टार्ट यांच्या नावावरून ती ‘स्टार्ट समिती’ म्हणून ओळखली जाते. डॉ. आंबेडकर तिचे एक सभासद होते. सभासदांनी जिल्हे वाटून घेतले, तेव्हा खानदेशचे दोन्ही जिल्हे त्यांच्या व आणखी एका सभासदाच्या वाट्याला आले. पारोळा त्या काळी पूर्व खानदेशात होते, म्हणजे आपला परिसरही त्यांच्या चौकशीच्या कक्षेत येत होता. काम आटोपल्यावर सहकारी एका साधुपुरुषाच्या दर्शनाला गेले. डॉ. आंबेडकर मुंबईला निघाले खरे, परंतु धुळे मार्गावरील एका खेड्यात अस्पृश्यांवर सामाजिक बहिष्कार पडल्याची तक्रार होती, म्हणून ते चाळीसगावला उतरले. तेथील वस्तीतील माणसांनी एक रात्र आपल्याकडे मुक्काम करावा अशी गळ घातली. त्यांनी ती मान्य केली. त्या खेड्याला जाऊन, चौकशी करून ते पुढच्या गाडीने चाळीसगावला परतले.

स्थानकावर हारतुरे झाले. वस्ती सुमारे दोन मैलांवर, नदीपलीकडे होती. टांगे पुष्कळ उभे होते. तरीही पाहुण्यांना तासभर ताटकळावे लागले आणि त्याचे कारण त्यांना उमगेना. अखेर एक टांगा आला. हाकणारा आणि ते, असे दोघेच आत बसले. बाकीची मंडळी जवळच्या वाटेने पायी पुढे गेली. दोनशे पावलेही झाली नसतील तोच समोरून आलेल्या मोटारीशी टक्कर होता होता वाचली. पुढे नदीवरच्या फरशीकडे वळताना घोडा उधळला. फरशीला कठडे नव्हते, अंतराअंतरावर केवळ दगड रोवलेले होते. त्यांपैकी पहिल्याच दगडावर चाक आदळले. डॉ. आंबेडकर उडून फरशीवर पडले. टांगा आणि घोडा नदीत कोसळले. बेशुद्ध अवस्थेत त्यांना पलीकडच्या वस्तीत उचलून नेण्यात आले, तेव्हा बायामुलांनी एकच आकांत मांडला. त्यांचा पाय मोडला होता.

खरा प्रकार मागाहून कळला. स्थानकावरचा एकही टांगेवाला अस्पृश्य मानलेल्या उतारूला घेऊन टांगा हाकण्यास तयार नव्हता. आपल्या नेत्याने पायी चालत यावे हे वस्तीतल्या लोकांना रुचेना. शेवटी तडजोड झाली : टांगा भाड्याने मिळेल, हाकणारा तुमचा तुम्ही आणा. त्यांच्यापैकी कोणाचाही तो धंदा नव्हता. एकाने लगाम हाती घेतला. आणि आपण कोणाला घेऊन चाललो आहोत याची जाणीव होताच तो बिचारा गांगरून गेला.

ही हकिगत डॉ. आंबेडकरांनी स्वतः ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या छोट्या आत्मकथनात लिहून ठेवली आहे. त्याच पुस्तिकेत त्यांच्या बालपणीचा, 1901 सालचा एक प्रवास आहे. वडील कोरेगावला नोकरीस होते. त्यांना भेटण्यासाठी निघालेली ही मुले मसूर स्थानकावर उतरली. कपडे नीटनेटके, बोलणे सभ्य. स्टेशनमास्तरांनी आपुलकीने चौकशी केली आणि मुलांनी जात सांगताच त्यांचा चेहरा पालटला. गाडीवान कोणी मिळेना. अखेर दुप्पट भाड्यावर सौदा ठरला : गाडी मुलांनीच हाकायची, गाडीवान शेजारून चालणार. त्या रात्री मुलांना पिण्याचे पाणीसुद्धा मिळाले नाही. चाळीसगावच्या घटनेला तेव्हा अठ्ठावीस वर्षे अवकाश होता. मधल्या काळात तो मुलगा कोलंबिया विद्यापीठात शिकला, लंडनची डी.एस्सी. पदवी मिळवून बॅरिस्टर झाला, मुंबईच्या विधिमंडळात बसला. आणि स्थानकावरची तडजोड तीच राहिली. गाडी घ्या, हाकणारा तुमचा. आम्हांस या पुस्तिकेत याहून जिव्हारी लागणारे काही आढळले नाही.

ख्रिस्तसभेत एखाद्या व्यक्तीच्या संतपदाची प्रक्रिया सुरू होते तेव्हा तिने सद्गुण वीरोचित पातळीवर आचरले होते काय याची बारकाईने चौकशी केली जाते. सुज्ञता, न्याय, धैर्य आणि संयम हे चार प्रमुख नैतिक सद्गुण त्यात येतात. डॉ. आंबेडकर ख्रिस्ती नव्हते. 14 ऑक्टोबर 1956 रोजी त्यांनी नागपूर येथे बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. त्यांना आपल्या वेदीकडे ओढून नेण्याचा आमचा हेतू मुळीच नाही. परंतु हे मोजमाप आपल्या परिचयाचे असल्याने त्याचा उपयोग करतो.

धैर्याविषयी फार लिहावे लागत नाही. ऑक्टोबरमध्ये पाय मोडला आणि 2 मार्च 1930 रोजी नाशिकच्या काळाराम मंदिराचा सत्याग्रह त्यांच्या नेतृत्वाखाली सुरू झाला. हजारो माणसे जमली, दरवाजे बंदच राहिले, लढा वर्षानुवर्षे चालला. त्यापूर्वी 1927 मध्ये महाडच्या चवदार तळ्याचे पाणी प्राशन करून झाले होते. या गोष्टी सर्वांना ठाऊक आहेत.

आम्हांस अधिक मोलाचा वाटतो तो त्यांचा न्याय आणि संयम. चाळीसगावच्या हकिगतीत संताप नाही. अननुभवी हाकणाऱ्याला ते दोष देत नाहीत. वस्तीतल्या लोकांच्या प्रेमाची कदर करूनही, पाहुण्याच्या मानापेक्षा त्याचा जीव महत्त्वाचा होता हे ते विसरले, अशी चूक ते स्पष्ट दाखवतात. आपल्याच माणसांची चूक, त्यांच्यावर रागावल्याविना, लिहून ठेवणे किती अवघड असते हे ज्यांनी कधी धर्मग्रामाच्या सभेचा वृत्तांत लिहिला असेल त्यांना विचारावे! आणि टांगेवाल्याविषयी त्यांचा निष्कर्ष एवढाच : हलके समजले जाणारे काम करणारा हा माणूसही जातीच्या बळावर स्वतःला बॅरिस्टरहून श्रेष्ठ समजू शकतो. व्यक्तीवर राग न धरता व्यवस्थेवर बोट ठेवण्याची ही शक्ती त्यांच्या लढ्याचा कणा होती.

हाच न्याय त्यांनी इतरांनाही लावला. 1934 मध्ये दौलताबादच्या किल्ल्यावर पाण्यावरून झालेला अपमान, बडोद्यात पारशी धर्मशाळेतून काढले जाणे, हे सर्व त्यांनी नोंदवले; कोणत्याही धर्माला सूट दिली नाही. आपल्यालाही नाही. बडोद्यात डोक्यावरचे छप्पर गेल्यावर ते दोन मित्रांकडे गेले. त्यांपैकी एक भारतीय ख्रिस्ती होते. त्यांनी उत्तर दिले की पत्नी उद्या यायची आहे, तिला विचारावे लागेल. हे कुटुंब मूळचे ब्राह्मण. धर्मांतरानंतर पतीचे विचार उदार झाले होते, पत्नीचे आचार मात्र जुनेच राहिले होते आणि ते उत्तर म्हणजे सभ्य शब्दांतला नकार होता, हे डॉ. आंबेडकरांना नंतर समजले. आशेचे ते शेवटचे दार होते. मुंबईच्या गाडीची वेळ होईपर्यंत ते एका सार्वजनिक बागेत बसून राहिले.

1938 च्या आरंभी सोलापूर येथे ख्रिस्ती बांधवांपुढे बोलतानाही त्यांनी आडपडदा ठेवला नाही. भगवान बुद्ध आणि प्रभू ख्रिस्त यांच्याविषयीचा आदर व्यक्त करून, भारतीय ख्रिस्ती समाज सामाजिक अन्यायाविरुद्ध लढ्यात का उतरला नाही, असा प्रश्न त्यांनी विचारला. महाराष्ट्रातील आपल्या अनेक धर्मग्रामांत पूर्वी अस्पृश्य मानल्या गेलेल्या घरांतील भाविक मोठ्या संख्येने आहेत. हा प्रश्न म्हणूनच आपल्याला परका नाही.

ख्रिस्तसभेच्या नेतृत्वाने याचे उत्तर उशिरा का होईना, दिले आहे. पोप जॉन पॉल दुसरे यांनी नोव्हेंबर 2003 मध्ये तामिळनाडूच्या महागुरुस्वामींना सांगितले की ख्रिस्ती माणसांच्या परस्परसंबंधांत जातीय पूर्वग्रहाचा लवलेशही खऱ्या मानवी ऐक्याच्या विरोधी आहे. भारतीय कॅथॉलिक बिशप परिषदेने डिसेंबर 2016 मध्ये दलित सक्षमीकरणाचे धोरण जाहीर केले व ख्रिस्तसभेत जातिभेद अस्तित्वात असल्याची कबुली त्यात दिली. 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींच्या यादीतून वगळल्या गेलेल्या दलित ख्रिस्ती बांधवांसाठी आपण सरकारकडे न्याय मागतो. ती मागणी रास्त आहे. पण सोयरीक जुळवताना आपल्याच घरात कोणता प्रश्न आधी विचारला जातो, हेही आपण जाणतो.

डॉ. आंबेडकर त्यानंतरही खानदेशात येत राहिले. 1937 च्या जुलैअखेरीस ते न्यायालयीन कामासाठी धुळ्यास आले होते. त्या भेटीच्या स्मरणार्थ धुळ्याजवळ लळिंग येथील लांडोर बंगल्यावर 31 जुलै रोजी भीमस्मृती यात्रा भरते व दूरदूरचे लोक तेथे जमतात. पारोळ्याहून धुळे महामार्गाने साधारण तासाभराच्या अंतरावर आहे. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ ही पुस्तिका जेमतेम वीस-पंचवीस पानांची असून तिचा मराठी अनुवादही उपलब्ध आहे. धर्मग्रामातील तरुणांच्या गटाने ती एका बैठकीत वाचून काढावी आणि त्यातील बडोद्याचे प्रकरण गाळू नये.