प्रकाशाच्या अवकाशीय कलासंबद्धतेचे मापन

प्रकाशाच्या मार्गाला आडव्या पातळीतील दोन बिंदूंपाशी तरंगांच्या कला (आंदोलनाच्या अवस्था) परस्परांशी कितपत निगडित आहेत, हे दर्शविणाऱ्या गुणधर्मास अवकाशीय कलासंबद्धता म्हणतात. चिपच्या निर्मितीत मास्कवरील आकृती भिंगांद्वारे लहान करून सिलिकॉनच्या चकतीवर उमटविताना हा गुणधर्म निर्णायक ठरतो. त्याच्या मापनाची रीत मात्र ज्योतिषशास्त्रातून आली आहे.

सूर्यप्रकाशात सु. १/२० मिमी. पेक्षा कमी अंतरावरील दोन छिद्रांतूनच व्यतिकरण पट्ट मिळू शकतात, असे एमील व्हेर्दे यांनी १८६५ च्या सुमारास दाखविले. पट्टांच्या दृश्यतेवरून उद्गमाचा आकार काढता येतो, हे ए. ए. मायकेलसन यांनी १८९० मध्ये मांडले. १९२० मध्ये मौंट विल्सन वेधशाळेत त्यांनी व एफ. जी. पीझ यांनी दोन आरसे सु. ३ मी. दूर नेले, तेव्हा काक्षी ताऱ्याचे पट्ट नाहीसे झाले आणि ताऱ्याचा कोनीय व्यास ०·०४७ सेकंद ठरला. या दृश्यतेलाच फ्रिट्स झेर्निके यांनी १९३८ मध्ये ० ते १ या मर्यादेतील ‘कलासंबद्धतेची मात्रा’ असे काटेकोर रूप दिले. तिच्या आधारे प्रतिमानिर्मितीचा सिद्धांत एच. एच. हॉपकिन्स यांनी १९५० नंतरच्या दशकात रचला.

लेसरचा शोध १९६० मध्ये लागला. उच्च कलासंबद्धता हा त्याचा लौकिक. पण मुद्रणात तोच दोष ठरतो. प्रतिमेवर ठिपक्यांची जाळी पसरते आणि रेषांच्या धारांलगत नको त्या उजळ-काळ्या कडा उमटतात. एक्सायमर लेसराची शलाका अनेक विधांची असल्याने तिची अवकाशीय कलासंबद्धता मुळातच कमी असते. १९८२ मध्ये कांती जैन व त्यांच्या आयबीएममधील सहकाऱ्यांनी तिच्या साहाय्याने मुद्रण साधले. पुढे २४८ व १९३ नॅनोमीटर तरंगलांबीची यंत्रे रूढ झाली.

तथापि कलासंबद्धता अगदी नाहीशी केल्यास ठळक रेषांचा उठाव मंदावतो. म्हणून मधले मूल्य योजावे लागते. प्रदीपक व प्रक्षेपक भिंगांच्या प्रकाशशंकूंच्या गुणोत्तराने ते व्यक्त करतात. यंत्रावर दर्शविलेले मूल्य आणि चकतीवरील प्रत्यक्ष मूल्य यांत तफावत पडल्यास एकाच चिपवरील रेषांची रुंदी जागोजागी बदलते. मापनाची गरज निर्माण होते ती यामुळे. मास्कवरील सूक्ष्म छिद्राची प्रतिमा मुद्दाम नाभीबाहेर घेतल्यास उद्गमाचा आकारच प्रकाशसंवेदी लेपावर उमटतो व त्यावरून कलासंबद्धता काढता येते.

आणखी आखूड तरंगलांबीकडे वळताना जुनी रीतच उपयोगी पडली. २००० मध्ये बर्कली (अमेरिका) येथील सिंक्रोट्रॉनच्या सु. १३ नॅनोमीटर तरंगलांबीच्या प्रारणाची कलासंबद्धता मोजली गेली ती दोन सूक्ष्म छिद्रांतून मिळालेल्या पट्टांवरूनच.