शंखास्थीतील मूत्रपिंड-कर्करोगाचे प्रक्षेप

मूत्रपिंडात उद्भवलेल्या कर्करोगाच्या पेशी रक्तावाटे कानाभोवतीच्या हाडात, म्हणजे शंखास्थीत, जाऊन रुजल्याने तयार होणारी दुय्यम गाठ. हा प्रकार विरळा आहे. शंखास्थीत येणाऱ्या दुय्यम गाठींत स्तनाच्या कर्करोगाचा वाटा सर्वांत मोठा. फुप्फुस, प्रोस्टेट आणि मूत्रपिंड यांचे कर्करोग त्यामागोमाग येतात. मूत्रपिंडाच्या गाठीची तरीही वेगळी नोंद घ्यावी लागते. एक तर ती रक्ताने गच्च भरलेली असते. दुसरे म्हणजे, रोगट मूत्रपिंड काढून टाकल्यावर दहा वर्षे, कधी त्याहूनही अधिक काळ हा रोग गप्प राहतो आणि मग दूरच्या हाडात डोके वर काढतो. तोवर रुग्णाच्या लेखी ते आजारपण संपलेले असते, आणि कानाच्या डॉक्टरकडे जाताना मूत्रपिंडाची जुनी फाइल सोबत न्यावी, असे कोणाच्या मनातही येत नाही. निदानाला उशीर होतो तो बहुतेकदा इथेच.

कानामागे बोटाला लागणारा टणक उंचवटा हा शंखास्थीचा कर्णमूल भाग. त्याच्या आतल्या अंगाला, कवटीच्या तळात पाचरीसारखा घुसलेला अश्मभाग असतो. नावाप्रमाणेच तो दगडी. शरीरातील सर्वांत घट्ट हाडांत त्याची गणना होते. ऐकण्याची आणि तोल सांभाळण्याची इंद्रिये त्याच्या पोटात असतात, आणि चेहरा हलवणारी नस त्यातूनच वळणे घेत बाहेर पडते. एवढ्या कठीण हाडात कर्करोग शिरतो कसा? अश्मभागाच्या टोकाशी अनेकांच्या हाडात मज्जा असते. मज्जेतील सूक्ष्म वाहिन्यांत रक्त संथ वाहते, त्यामुळे वाहत आलेली पेशी तिथे अडकून मूळ धरते. अंतर्कर्णाभोवतीचे हाडाचे कवच मात्र बराच काळ दाद देत नाही.

मूत्रपिंडातून निघालेल्या रक्ताचा नेहमीचा रस्ता हृदयातून फुप्फुसांत जातो. म्हणूनच या कर्करोगाचे प्रक्षेप सर्वाधिक आढळतात ते फुप्फुसांत. पण कण्याला लगडून एक दुसरे शिराजाळे कवटीपर्यंत गेलेले असते. अमेरिकी शरीररचनाशास्त्रज्ञ ऑस्कर बॅट्सन यांनी १९४० मध्ये त्याचे महत्त्व दाखवून दिले. या शिरांना झडपा नसतात. खोकताना किंवा कुंथताना पोटातला दाब वाढला की त्यांतले रक्त उलटेही वाहू शकते. फुप्फुसे स्वच्छ असूनही कवटीच्या हाडात गाठ का सापडते, याचा एक उलगडा या आडवाटेने होतो.

गाठीतल्या रक्ताचे कारण पेशीच्या जनुकांत आहे. मूत्रपिंडाच्या कर्करोगांपैकी सुमारे तीन-चतुर्थांश ‘क्लिअर सेल’ प्रकारचे असतात, आणि त्यांतील बहुतेकांत तिसऱ्या गुणसूत्रावरील व्हीएचएल हे जनुक निकामी झालेले असते. हे जनुक १९९३ मध्ये हाती लागले. पेशीला प्राणवायूची कमतरता जाणवते कशी, या प्रश्नाचे उत्तर त्याच्या अभ्यासातून मिळत गेले. त्या संशोधनासाठी केलिन, रॅटक्लिफ आणि सेमेन्झा यांना २०१९ चे नोबेल पारितोषिक मिळाले. जनुक बिघडले की प्राणवायू भरपूर असतानाही पेशीला गुदमरल्याचाच निरोप मिळत राहतो. मग ती नव्या रक्तवाहिन्या मागवणारी द्रव्ये सोडत राहते. गाठ जिथे जाईल तिथे हा स्वभाव घेऊन जाते.

लक्षणे साध्या कानदुखीसारखीच असतात: कमी ऐकू येणे, कान दुखणे, वाहणे, चक्कर, नाडीच्या ठोक्याबरोबर कानात धडधड. काहींचे तोंड एका बाजूला वाकडे होते. बेल्स पाल्सी या चेहऱ्याच्या नेहमीच्या लकव्यात चेहरा एक-दोन दिवसांत वाकडा होतो आणि बहुतेकांत काही आठवड्यांनी सुधारू लागतो. जो चेहरा हळूहळू आठवड्यागणिक लुळा पडत जातो, किंवा तीन महिने उलटूनही हलत नाही, त्याच्यामागे गाठ शोधलीच पाहिजे. सूक्ष्मदर्शकातून कान पाहताना कधी पडद्यामागे लालबुंद गोळा दिसतो आणि टक लावून पाहिले तर तो ठोक्याठोक्याला हलतो. हेच चित्र ग्लोमस ट्यूमर या सौम्य गाठीतही दिसते, त्यामुळे फसगत होते. कानातला साधा मस समजून अशा गोळ्याचा तुकडा बाह्यरुग्ण विभागातच काढायला गेले, तर रक्त थांबवता थांबवता पुरेवाट होते. सीटी स्कॅनमध्ये हाड कुरतडल्यासारखे दिसते, तर एमआरआयमध्ये गाठीचा मेंदूकडचा विस्तार कळतो. नेहमीचा बोन स्कॅन हाडाच्या नव्या जडणघडणीवर चालतो. निव्वळ हाड खाणारी अशी गाठ त्यातून निसटू शकते.

खात्री होते ती तुकड्याच्या तपासणीत. पेशी पाण्याच्या थेंबासारख्या पारदर्शक दिसतात, कारण त्यांतील मेद आणि ग्लायकोजेन तपासणीची काचपट्टी तयार करताना विरघळून जातात. भोवती केशवाहिन्यांची नाजूक जाळी असते. या पेशींच्या रूपाने पूर्वीही मोठी दिशाभूल केली होती. १८८३ मध्ये पाउल ग्राविट्झ यांनी या गाठी अधिवृक्क ग्रंथीच्या भरकटलेल्या ऊतींतून निघतात असे मांडले, आणि ‘हायपरनेफ्रोमा’ हे चुकीचे नाव कितीतरी दशके टिकून राहिले.

इथे एक अवघड पेच आहे. व्हीएचएल जनुकाचा दोष जन्मतःच असलेल्या कुटुंबांत मूत्रपिंडाचा कर्करोग होतो, आणि त्याच व्यक्तींच्या अंतर्कर्णातील एंडोलिम्फॅटिक सॅक या पिशवीतही स्वतंत्र गाठ उद्भवू शकते. दोन्ही रक्ताळ, दोन्ही हाड पोखरणाऱ्या, आणि सूक्ष्मदर्शकाखालीही जवळपास सारख्या. एक प्रक्षेप असते, दुसरी तिथेच जन्मलेली आणि सहसा न पसरणारी. एका गाठीचा अर्थ कर्करोग पसरला असा होतो, दुसरीचा होत नाही. म्हणून घराण्याचा इतिहास विचारणे आणि जनुकाची चाचणी करणे या रुग्णांत अटळ ठरते.

शरीरात अन्यत्र रोग नसेल आणि ही एकच गाठ असेल, तर शस्त्रक्रियेचा विचार होतो. तिच्याआधी रक्तवाहिनीतून नळी सरकवून गाठीचा रक्तपुरवठा बंद करतात. नाहीतर रक्तस्राव आवरत नाही. हा कर्करोग किरणोपचाराला जुमानत नाही असा समज दीर्घकाळ होता. मोजक्या बैठकांत, अचूक नेमाने, मोठी मात्रा देणाऱ्या तंत्राने तो बराच सैल केला आहे. औषधांत रक्तवाहिन्यांची वाढ रोखणारे सुनिटिनिब अमेरिकेत २००६ पासून, तर प्रतिकारशक्तीवरचा लगाम सोडवणारे निव्होलुमॅब २०१५ पासून या कर्करोगासाठी वापरात आले. हाड जपण्यासाठी झोलेड्रॉनिक आम्ल किंवा डेनोसुमॅब देतात. त्यांनी जबड्याचे हाड कुजण्याचा धोका असल्यामुळे आधी दात तपासून घेतात.

चेहऱ्याची नस गेलेल्या रुग्णाची पापणी मिटत नाही आणि बुबुळ कोरडे पडून त्यावर जखम होते. दिवसा थेंब, रात्री मलम आणि डोळ्यावर पट्टी, एवढ्यावर काहींचे भागते. नस परतण्याची आशा नसेल, तर वरच्या पापणीत सोन्याचे छोटे वजन शिवतात, म्हणजे स्नायू लुळा असला तरी पापणी आपल्या भाराने खाली येते.