मिनिव्हॅनमधील मुक्काम (अमेरिका)

मिनिव्हॅनमधील मुक्काम म्हणजे मिनिव्हॅनची मागील आसने काढून वा दुमडून मोकळ्या झालेल्या जागेत रात्री झोपण्याची व अल्प खर्चात भटकंती करण्याची पद्धत होय. अमेरिकेत, विशेषतः तेथील पश्चिमेकडील राज्यांत, ती रूढ आहे. सुटीपुरते फिरणारे पर्यटक, निवृत्त दांपत्ये आणि घरभाडे न परवडल्याने वाहनातच राहणारी माणसे असे तिन्ही वर्ग तिचा अवलंब करतात. वाहन व सामान सारखेच असले, तरी ते वाहन कोठे उभे आहे यावर हा मुक्काम सहल ठरतो की गुन्हा, हे अवलंबून असते.

वाहन

क्रायस्लर कंपनीने १९८३ च्या अखेरीस डॉज कॅराव्हॅन व प्लिमथ व्हॉयेजर ही वाहने बाजारात आणली आणि अमेरिकी कुटुंबांत मिनिव्हॅनचा प्रसार झाला. जमिनीलगतचा सपाट तळ, सरकता दरवाजा आणि साध्या मोटारीसारखी चालवणूक हे गुण मुक्कामासाठीही सोयीचे ठरले. २००५ च्या मॉडेलपासून क्रायस्लरने मधली आसने तळातील खळग्यात दुमडून ठेवण्याची सोय केली. याउलट २०२१ पासूनच्या टोयोटा सिएना गाडीत मधली आसने काढता येण्याजोगी नाहीत; जुनी गाडी विकत घेताना ही बाब आधी पाहावी लागते.

आत उभे राहता येत नाही, ही मिनिव्हॅनची मोठी उणीव. मात्र मोटरहोमच्या तुलनेत किंमत व इंधनखर्च कमी, आणि ती कोणत्याही साध्या वाहनतळावर मावते. बाहेरून पाहणाऱ्यास आत कोणी झोपले आहे याची सहसा शंका येत नाही.

मुक्कामाची व्यवस्था

प्लायवूडची फळी लाकडी पायांवर बसवून तिच्यावर गादी आणि खाली सामानाचे डबे, ही सर्वांत प्रचलित रचना. काही जण तळावरच गादी अंथरतात. खिडक्यांच्या आकाराचे चकाकत्या आवरणाचे तुकडे कापून लावल्यास आडोसा मिळतो आणि ऊनही अडते. थंडीत श्वासातील बाष्प काचांवर साचून अंथरूण ओले होते. म्हणून दोन खिडक्या बोटभर उघड्या ठेवून त्यांना जाळी लावतात.

बंद वाहनात शेगडी पेटवणे किंवा बर्फाने धुराडे बुजले असता इंजिन चालू ठेवणे प्राणघातक ठरू शकते. कार्बन मोनॉक्साइडला रंग नसतो, वासही नसतो, आणि झोपलेल्या माणसाला त्याची जाणीव होत नाही. त्यामुळे स्वयंपाक मागचे दार वर करून बाहेरच करतात आणि आत बॅटरीवर चालणारा धोकासूचक लावतात.

कॅलिफोर्नियातील योसेमिटी राष्ट्रीय उद्यानात आणखी एक अडचण आहे, ती अस्वलांची. २००१ ते २००७ या काळात तेथे काळ्या अस्वलांनी फोडलेल्या वाहनांचा अभ्यास ‘जर्नल ऑफ मॅमॉलॉजी’मध्ये २००९ साली प्रसिद्ध झाला. उद्यानात येणाऱ्या वाहनांत मिनिव्हॅनचे जेवढे प्रमाण होते, त्याहून फोडलेल्या वाहनांतील त्यांचे प्रमाण कितीतरी अधिक आढळले. मुलांनी आसनांवर सांडलेला खाऊ हे त्याचे एक संभाव्य कारण सांगितले गेले. या उद्यानात रात्री मोटारीत खाद्यपदार्थ ठेवण्यास मनाई असून त्यासाठी लोखंडी पेट्या ठेवलेल्या आहेत.

मुक्कामाच्या जागा

स्वस्त मुक्कामाचा खरा आधार म्हणजे सार्वजनिक जमीन. भूमी व्यवस्थापन विभागाच्या ताब्यात सुमारे २४.५ कोटी एकर जमीन असून तिच्या बऱ्याच भागात कोणत्याही २८ दिवसांच्या अवधीत साधारणतः १४ दिवस विनाशुल्क राहता येते. त्यानंतर मुक्काम हलवावा लागतो. अशा जागी पाणी, शौचालय वा कचरापेटी नसते. पाणी सोबत न्यावे लागते आणि कचरा परत आणावा लागतो. राष्ट्रीय वनांतही बहुतांशी असेच नियम आहेत. राष्ट्रीय उद्यानांत मात्र नेमून दिलेल्या तळांबाहेर वाहनात झोपता येत नाही.

ॲरिझोनातील क्वार्ट्झसाइट गावाजवळ शुल्क भरून १५ सप्टेंबर ते १५ एप्रिल असा संपूर्ण हिवाळा काढता येतो. वाहनात राहणाऱ्यांचे हे जणू हिवाळी गावच आहे. जेसिका ब्रुडर यांच्या ‘नोमॅडलँड’ (२०१७) या पुस्तकातून आणि त्यावर आधारित क्लोई झाओ दिग्दर्शित चित्रपटातून (२०२०) या जीवनाची जगाला ओळख झाली.

कायदेशीर स्थिती

शहरांत स्थिती वेगळी आहे. रस्त्यावरील वाहनात राहण्यास मनाई करणारा लॉस एंजेलिसचा १९८३ चा नियम संघीय अपील न्यायालयाने २०१४ साली संदिग्ध म्हणून रद्द ठरवला. वाहनात नेमके काय केले म्हणजे ‘राहणे’ होते, हे त्यातून कळत नव्हते. पुढे शहराने नव्याने नियम केला. २०२४ मध्ये ‘ग्रँट्स पास विरुद्ध जॉन्सन’ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सार्वजनिक जागेतील मुक्कामावर दंड करणे हे क्रूर व असामान्य शिक्षेत मोडत नाही, असा ६ विरुद्ध ३ मतांनी निर्णय दिला. त्या शहराच्या नियमातील मुक्कामाच्या व्याख्येत वाहनाचाही समावेश होता.

सिएटलमधील खटला याहून बोलका आहे. ७२ तासांहून अधिक काळ एका जागी उभा राहिला म्हणून तेथे एका बेघर माणसाचा ट्रक २०१६ साली उचलून नेण्यात आला. तोच त्याचा निवारा होता आणि कामाची अवजारेही त्यातच होती. तो परत मिळवण्यासाठी त्याच्यावर सुमारे ५४७ डॉलरचा भार पडला. वॉशिंग्टन राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये तो ट्रक त्याचे घर मानला आणि आकारलेली रक्कम त्याच्या ऐपतीच्या मानाने अवाजवी दंड ठरवली.

कॅलिफोर्नियातील सांता बार्बरा येथे २००४ पासून एक संस्था चर्चच्या व अन्य संस्थांच्या वाहनतळांवर अशा लोकांना रात्रीपुरती अधिकृत जागा मिळवून देते. सकाळी तेथून गाडी हलवावी लागते.